ताकदीच्या गोळ्या

जऊळका
६ जानेवारी २०२५

मंजुषा,

तू फोन उचलत नाहीस. संघदीप उचलतो आणि “ताई झोपली हाय, भाऊजी” म्हणून ठेवून देतो. सकाळी दहाला, दुपारी दोनला आणि दिवेलागणीला सारखेच झोपलेले माणूस मी फक्त नववी ‘ब’च्या शेवटच्या बाकावर पाहिले आहे. तुझ्या भावाचे खोटे बोलण्याचे शिक्षण अपुरे राहिले, हे माझे जुनेच मत. म्हणून पत्र लिहितो. पत्राला कुणी झोपले आहे असे सांगून परत पाठवत नाही.

तुला नागपूरला जाऊन आज एकोणतीस दिवस झाले. अक्का स्वयंपाक करते. तीन वर्षांपूर्वी “पंधरा दिवस रायते” म्हणून आलेली माझी थोरली बहीण आता घराची मालकीण झाली आहे. काल तिने तुरीच्या शेंगा उकडल्या आणि मीठ दोनदा घातले. मी काही बोललो नाही. हे वाचून तुला आश्चर्य वाटेल, पण महिनाभर मी बऱ्याच गोष्टींवर काही बोलत नाही.

मालेगावच्या बाजारातले ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. तू मेथीच्या ढिगासमोर मटकन खाली बसलीस आणि मी पिशवी धरून म्हणालो, “अगं, निवडायची घरी नेऊन.” भाजीवाली हसली. मग तू आडवी झालीस. डॉक्टरांनी नाडी धरली आणि मोजता मोजता मध्येच सोडून दिली, इतकी ती पळत होती. संध्याकाळी संघदीप गाडी घेऊन आला. तू मागच्या सीटवरून काच खाली केलीस आणि म्हणालीस, “सा महिन्यापासून सांगून राह्यली मी, माह्या आंगात काईतरी होऊन राह्यलं म्हणून. तुमी हासून राह्यले.”

हसत होतो, हे खरे. हात थरथरतात म्हणालीस, तर मी म्हणालो वय झाले. घाम येतो म्हणालीस, तर म्हणालो वाशीम जिल्ह्यात कुणाला येत नाही. शिक्षकदिनी शाळेतले सहकारी घरी आले, तुझ्या हातातल्या बश्या वाजू लागल्या आणि मी सर्वांना सांगितले, “आमच्याकडे भूकंपमापक यंत्र आहे.” त्या दिवशी सगळे हसले. तू चहा ठेवून आत गेलीस ती बाहेर आली नाहीस. विनोद बरा होता. जागा चुकली.

धम्मदीपाने तुझ्या रिपोर्टचे फोटो पाठवले. (तुझ्या भावजयीला रागावू नकोस, मी तीन दिवस मागत होतो.) ते घेऊन मी आठवडाभर बसलो आहे. आता मला एवढे कळले आहे: गळ्यातली ती थायरॉईड ग्रंथी म्हणजे शेतातले मजूर, आणि टीएसएच म्हणजे बांधावरचा मुकादम. मजूर बसून राहिले की मुकादम ओरडतो, आकडा चढतो. मजूर गरजेपेक्षा जास्त राबू लागले की मुकादमाला बोलायचे कारण उरत नाही, आकडा शून्याला टेकतो. तुझा मुकादम ठार गप्प आहे. म्हणजे तुझी ग्रंथी मरमर काम करते आहे, आणि तूही तशीच करत होतीस.

ऑक्टोबरात मालेगावला तुझे रक्त तपासले, तेव्हा फक्त हाच एक आकडा आला होता, ०.०२, आणि पुढे ‘कमी’ची खूण. तो कागद मी वाचला. गावातला कुठलाही कागद मीच वाचतो, सातबारा असो की सोनोग्राफी. मी म्हणालो, थायरॉईड कमी आहे. अक्काचाही कमीच आहे, घरात नवीन काही नाही. धूर दिसला की आग आहे, असे पोरांना तीस वर्षे शिकवतो. धुके दिसले तर काय, हे कुणी विचारले नव्हते. चुकीच्या खुणेवरून काढलेल्या अशा निष्कर्षाला आमच्या न्यायशास्त्रात हेत्वाभास म्हणतात. बाबांनी, पुंजाजींनी, मला संस्कृतला घातले, तेव्हा आमच्या बौद्ध वस्तीतली माणसे त्यांना विचारायची, “पोराले सत्यनारायण सांगाले धाडता काय?” बाबा म्हणायचे, “त्यायचा कागद त्याले वाचता आला पायजे.” बाबा असते तर आज काय म्हणाले असते, याचा मी विचार करत नाही.

तर एवढा माझा अपराध. वाचण्यात चूक झाली. वाचण्यापलीकडे मी काही केले नाही.

धम्मरत्न
(ज्याला तू रागात ‘पंडितजी’ म्हणतेस)


जऊळका
२५ जानेवारी २०२५

मंजुषा,

पत्राला उत्तर नाही. ठीक. ऋषीसुद्धा शाप देण्याआधी थोडे थांबतात, म्हणून मी आशेवर आहे.

धम्मदीपाने नवीन रिपोर्ट पाठवला. मजुरांनी काढलेल्या मालाचे दोन आकडे असतात, टी-थ्री आणि टी-फोर. सहा आठवडे ग्रंथीला लगाम घालणाऱ्या गोळ्या खाऊन टी-फोर ५.९ वरून फक्त ४.४ वर आला आहे. असायला हवा १.७ च्या आत. नागपूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या म्हणे की इतक्या डोसवर एवढेच उतरणे त्यांनी क्वचित पाहिले. गोळ्या तुला लागू पडत नाहीत. छातीची धडधडही जात नाही, आणि हृदयाला हे फार दिवस सोसणार नाही. आता दोनच वाटा आहेत, गळ्याचे ऑपरेशन किंवा आयोडीन.

मी वाचले ते सांगतो. सल्ला समजू नकोस, सल्ल्याचा हक्क मी मेथीच्या ढिगापाशी गमावला आहे. ऑपरेशनने काम एका दिवसात होते, पण सध्या तुझे हृदय ज्या वेगाने पळते, त्यात भूल देणेच जोखमीचे. आवाजाच्या नसा तिथूनच जातात, तेही एक. आयोडीन म्हणजे एक कॅप्सूल. या ग्रंथीला आयोडीनची हाव असते. रक्तातले सगळे ती एकटी ओढून घेते, त्या हावेपायी किरणोत्सारी आयोडीनही गिळते, आणि दोन-तीन महिन्यांत आतून विझते. लोभाने मेलेल्या प्राण्यांच्या गोष्टी आम्ही आठवीला शिकवतो, त्यातलीच ही एक. विझल्यावर प्रश्न उलटा होतो. मग जन्मभर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, अक्का घेते तीच. तुला त्या गोळीचा राग आहे, मला ठाऊक आहे. “एकदा लागली का जलमभर सुटत नाही, अन् माणूस अक्कासारखं फुगते,” हे तुझे वाक्य अक्काने स्वयंपाकघरातून ऐकले होते. पण ती गोळी वाईट नसते. ज्याला हवी त्याला वाईट नसते.

एक शंका मॅडमना विचारून घे. तुझे डोळे मोठे झाल्यासारखे दिसतात असे धम्मदीपा म्हणते. आयोडीनने कधी कधी डोळ्यांचा त्रास वाढतो असे वाचले आहे.

तारीख १३ फेब्रुवारी मिळाली आहे. आणि कॅप्सूल घेतल्यावर दोन-तीन आठवडे तान्ह्या मुलापासून लांब राहायचे, वेगळे झोपायचे, वेगळी न्हाणी वापरायची. संघदीपच्या घरी दोन खोल्या आणि आठ महिन्यांची वैभवी. म्हणून तेवढे दिवस तू जऊळक्याला येणार, असे धम्मदीपा म्हणाली. मी “बरं” म्हणालो. नुसते “बरं” म्हणायला मला इतका वेळ लागला की तिला वाटले फोन कट झाला.

इथे तान्हे कुणी नाही. अक्का साठीची आहे आणि कुणाच्या मांडीवर बसत नाही. मागची खोली मी झाडून घेतली. पलंग खिडकीकडे सरकवला. तुझ्यापासून एक मीटरवर राहायचे आहे. गेल्या वर्षभराचा हिशेब पाहता त्यात मला नवीन असे काही शिकायचे नाही. दारात खुर्ची टाकून बसेन. बोलणार नाही. तू बोललीस तर ऐकेन.

ऑपरेशन की आयोडीन, हा निर्णय सर्वस्वी तुझा. माझे मत तटस्थ आहे. खोलीला चुनाही दिला.

धम्मरत्न


जऊळका
३ फेब्रुवारी २०२५

मंजुषा,

हे पत्र एका लहानशा गोष्टीसाठी. खोलीत तुझे कपडे लावावेत म्हणून कपाट उघडले. खालच्या कप्प्यात ती पांढरी प्लास्टिकची डबी असायची, निळ्या झाकणाची, ‘व्हिटॅमिन’ छापलेली. ज्यातल्या ताकदीच्या गोळ्या मी तुला दिवाळीच्या आसपास सुरू केल्या होत्या. ती दिसत नाही.

अर्धा दिवस शोधली. धान्याच्या कोठीमागे, शिलाई मशीनच्या खणात, अक्काच्या पेटीतसुद्धा. अक्का दारात उभी राहिली. “काय हुडकून राह्यला रे?” म्हणाली. मी म्हणालो, काही नाही. “काई नाही कसं? माह्या लुगड्याच्या घड्या इस्कटून राह्यला.” मी म्हणालो, मंजुषाची एक डबी. तर म्हणाली, “निळ्या झाकनाची? थे तं तिनं नेली. गाडीत बसता बसता मले म्हने, अक्का, माह्यी ताकदीची गोळी राह्यली. मीच आनून देली.”

तर ती डबी तुझ्यापाशी असेल आणि अजून त्यातल्या घेत असशील, तर बंद कर. जुन्या झाल्या आहेत. शिवाय मॅडमच्या औषधाशी त्या जुळत नाहीत. आजच बंद कर, आणि डबी फेकून दे. मॅडमना दाखवण्याची गरज नाही, साध्या गोळ्या आहेत.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतो आहे. मालेगावच्या पोस्टात पाकीट घ्यायला गेलो, तर खिडकीवरचा सोमला म्हणाला, “सर, फोन नाही का तिकडं?” मी म्हणालो, आहे. त्याने पाकीट पुढे सरकवले.

धम्मरत्न


जऊळका
८ फेब्रुवारी २०२५

मंजुषा,

आज दुपारी धम्मदीपाशी बोलणे झाले. पत्र मिळाले का, असे विचारले. ती म्हणाली, “भाऊजी, मिळाले. तिन्ही फ्रिजवर ठेवले हायेत. ताई म्हणतात राहू दे. उघडले नाहीत.”

तेव्हा हे चौथेही तिथेच जाईल. न उघडल्या जाणाऱ्या पत्रात माणसाला खरे लिहिता येते. तीन पत्रे मी वाचली जातील या समजुतीने लिहिली, म्हणून त्यात खोटे आले.

त्या गोळ्या ताकदीच्या नव्हत्या. अक्काच्या होत्या. थायरॉईड कमी असणाऱ्या माणसाला बाहेरून थायरॉईड पुरवणाऱ्या, शंभर मायक्रोग्रॅमच्या.

कागद वाचला त्याच दिवशी मी रामधनच्या मेडिकलमध्ये गेलो आणि अक्काची जुनी चिठ्ठी दाखवली. रामधनने विचारले, “अक्काची एवढ्यात संपली काय, सर?” मी हो म्हणालो. डॉक्टरकडे नेले असते तर तू गोळी नाकारली असतीस, ‘जलमभर’ म्हणत. म्हणून दोन बाटल्यांतून काढून व्हिटॅमिनच्या रिकाम्या डबीत भरल्या आणि तुला म्हणालो, अशक्तपणा आहे, ताकदीची घे. तू घेतलीस. पंधरा दिवसांत तुझी थरथर वाढली, तू रात्र रात्र जागी राहू लागलीस, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मला वाटले, डोस पुरत नाही. मी दोन केल्या. सकाळ-संध्याकाळ.

आगीला मी पाणी समजून तेल घातले. हे वाक्य लिहिल्यावर मी बराच वेळ त्यात काही चमत्कृती आहे का ते पाहत होतो. नाही.

तू पडलीस, तेव्हाच मला कळायला हवे होते. कळले ते धम्मदीपाने फोटो पाठवले त्यानंतर, वाचता वाचता. पण तोवर तू नागपूरला होतीस, गोळ्या कपाटात आहेत असे मी धरून चाललो, आणि झाले ते झाले, आता सांगून फक्त संघदीपला माझ्या तोंडावर थुंकायची सोय होईल, असा विचार केला. आता कळते की मॅडम एका बाजूने लगाम ओढत होत्या आणि दुसऱ्या बाजूने तू माझ्या हातची गोळी घेत होतीस. त्यांच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत असे नाही. मी पडू दिल्या नाहीत. आणि त्यावरून ते येत्या गुरुवारी तुझी ग्रंथी कायमची जाळणार आहेत. कदाचित जाळावीच लागेल. कदाचित नाही. ते मला ठरवता येत नाही, आणि ज्यांना येते त्यांच्यापुढे खोटा आकडा आहे.

याहून वाईट एक आहे. सोमवारी डबी सापडली नाही, तेव्हापासून आज शनिवारपर्यंत पाच दिवस मला हे सगळे ठाऊक आहे. दुपारी धम्मदीपाला सांगता आले असते. शब्द तोंडापर्यंत आले होते. मी वैभवीला दात आले का ते विचारले. खरे सांगितले, तर आयोडीन रद्द होणार, आणि आयोडीन रद्द झाले की तू इथे येणार नाहीस. मी त्या खोलीला चुना दिला आहे, मंजुषा.

संघदीपला आत्ता फोन लावला. “भाऊजी, ताई झोपली हाय.” मी म्हणालो, तुझ्याशीच बोलायचे आहे. तो म्हणाला, “माह्याशी काय बोलता, बोलले तुमी लय,” आणि ठेवला. पुन्हा लावला, लागला नाही.

मंगळवारी तुझी आयोडीनच्या आधीची तपासणी आहे, हे धम्मदीपाने सांगितले आहे. मंगळवारी मी तिथे असेन. तोवर तू आणखी सहा गोळ्या घेशील. ते मला थांबवता आले असते, अजूनही येईल, आणि मी धम्मदीपाचा नंबर समोर ठेवून हे पत्र लिहीत बसलो आहे.

(नंतर) लावला. सगळे नाही सांगता आले. एवढेच म्हणालो: निळ्या झाकणाची डबी ताईंना घेऊ देऊ नकोस, आणि मंगळवारी दवाखान्यात सोबत आण. ती म्हणाली, “काहून?” मी म्हणालो, तिथे सांगतो. बाळ रडत होते.

धम्मरत्न


जऊळका
१३ फेब्रुवारी २०२५

मंजुषा,

धम्मदीपा तुला हे वाचून दाखवणार आहे, असे तिने कबूल केले आहे. धम्मदीपा, जिथे तुला अवघड वाटेल तो भाग गाळ. पण जास्त गाळू नकोस.

परवा बस नागपुरात पोचेपर्यंत मी चार वेळा वाक्ये जुळवली. दवाखान्याच्या बाकावर तू दिसलीस, आणि मी तुला ओळखले ते साडीवरून. तू मान वाकडी करून, एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलेस. मला वाटले तुच्छता. मग तू धम्मदीपाला विचारलेस, “दोघं हायेत का एकच?” दोन महिने तुला एकाचे दोन दिसतात, वाचता येत नाही, हे मला कुणी सांगितले नव्हते. फ्रिजवरची पत्रे तू रागाने ठेवलीस की दिसत नाही म्हणून, हे मी विचारणार होतो. विचारले नाही. दोन्ही असेल.

संघदीप म्हणाला, “तुमी कायले आले?” मी म्हणालो, आत गेल्यावर सांगतो.

आत मॅडमनी विचारले, हे कोण? मी म्हणालो, मी यांचा पती, आणि यांना गेले साडेतीन महिने मी थायरॉक्सिन देतो आहे. जुळवलेली चारही वाक्ये त्यात संपली. मॅडमनी पेन खाली ठेवले. “किती?” “शंभरची. आधी एक, मग दोन.” “कुणी लिहून दिले?” “कुणी नाही.” त्या तुझ्याकडे वळल्या. “ताई, मी दर वेळी विचारलं, दुसऱ्या काही गोळ्या घेता का. तुम्ही नाही म्हणालात.”

तू म्हणालीस, “औषध नाही घेत मी दुसरं. ह्या तं ताकदीच्या हायेत.” आणि धम्मदीपाच्या पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवलीस. मी म्हणालो, नाहीत. अक्काच्या आहेत.

तू कुणाकडेच पाहत नव्हतीस. मग म्हणालीस, “डॉक्टरच्या गोळ्या एखाद्या टायमाले चुकल्या असतीन. ह्या नाही चुकल्या मी. एक दिवस नाही. तुमी देल्या होत्या न.”

संघदीप म्हणाला, “भाऊजी, तुमी मास्तर हा न?” आणि बाहेर गेला. तो ओरडला असता तर बरे झाले असते.

मॅडमनी ऑक्टोबरचा कागद मागितला. मी नेला होता. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, हा गोळ्यांच्या आधीचा आहे, म्हणजे रोग खरा आहे, यांनी तयार केलेला नाही. यांनी त्याला खतपाणी घातले. हे ऐकून मला हलके वाटले, आणि वाटले याची लाज वाटली. मग त्यांनी तुला समजावून सांगितले ते मी इथे पुन्हा लिहितो, कारण तेव्हा तू ऐकत होतीस असे मला वाटले नाही. आयोडीन रद्द. आधीच्याच गोळ्या चालू ठेवायच्या, ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी दाखवायचे. सहा आठवड्यांनी रक्त. टी-फोर दोनच्या खाली आला, तर गोळ्या लागू पडत होत्या असे समजायचे आणि वर्ष-दीड वर्ष त्याच चालवून पाहायच्या. नाही आला, तर पुन्हा आयोडीन की ऑपरेशन हा विचार. तुझे डोळे पाहता आयोडीन टळले तर त्यांना बरेच वाटेल. टीएसएच मात्र महिनोन्महिने तळालाच राहील, त्याला घाबरायचे नाही.

मी विचारले, मी काय करू? मॅडम म्हणाल्या, “तुम्ही काही करू नका.” रागाने नाही म्हणाल्या. पथ्य सांगतात तसे म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर तू थांबलीस. मी दोन पायऱ्या खाली. तू म्हणालीस, “मी येनार होती जऊळक्याले. बॅग भरली होती.” एवढेच म्हणून गाडीकडे गेलीस. धम्मदीपा, हा भाग गाळू नकोस. तिने म्हटलेले वाक्य तिला ठाऊकच आहे. मला ते ऐकू आले होते, एवढे तिला कळू दे.

अक्काला सगळे सांगितले. तिने सकाळची गोळी हातात घेतली, पाहिली, आणि म्हणाली, “इतकुशी तं हाय.” मग घेतली. दोन दिवस ती माझ्याशी बोलत नाही. रामधनकडे जाऊन मी खोटे बोललो होतो हे सांगून आलो. तो म्हणाला, “सर, आता मी कोनाले इचारू मंग कागद?” तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर आहेत, म्हणालो. काल लखीराम त्याच्या सुनेचा रिपोर्ट घेऊन दारात आला. मी तो हातात घेतला नाही. त्याला वाटले, मी चिडलो आहे.

धम्मरत्न


जऊळका
२७ मार्च २०२५

धम्मदीपा, हे वाचून दाखवू नकोस. ताईंच्या हातात दे.

मंजुषा,

सहा आठवड्यांनंतरच्या रक्ताचा कागद आणि तुझा निरोप मिळाला. धम्मदीपाच्या फोनवरून तुझा आवाज आला, सात सेकंदांचा: “कागद धाडला हाय. अक्षर बारीक हाय, दिसत नाही. मोठ्या अक्षरात लिहून धाडा. आकडेच लिहा. खाली काई लिहू नका.”

फळ्यावर लिहितो त्या आकारात लिहिले आहे. एका पानावर एक ओळ.

टीएसएच ०.०१

टी-थ्री ३.८

टी-फोर १.६

धम्मरत्न